माझ्या अंगावरचे दसरे

मी एक जुनी शिडाची होडी आहे, मित्रांनो. जुनी म्हटल्यावर मी आता डोळे पुसत, उसासे टाकत माझी कहाणी सांगेन असं कुणाला वाटत असेल, तर त्याने आत्ताच उठून जावं. मला राग आलाय. चांगला सणसणीत आलाय, आणि तो बोलून दाखवल्याशिवाय मी काही गप्प बसणार नाही.

आमच्यासारख्या जुन्या वस्तू बोलायला लागल्या की बहुतेक एकच रडगाणं गातात. आम्हाला कुणी विचारत नाही, आमच्यावर धूळ बसली, आम्हाला अडगळीत टाकलं. माझं दुखणं नेमकं उलटं आहे. मला कुणी टाकलं नाही. मला जपलं! इतकं जपलं, इतकं जपलं की माझा पार धोंडा झाला. ऐका तर खरं.

माझा जन्म नाशिकजवळच्या अंबडचा. तिथल्या एका शेडमध्ये फायबरच्या पाण्याच्या टाक्या आणि बसची बाकं बनायची, आणि त्यांचे साचे सावळीराम करायचा. साच्याच्या आत फायबरची जाळी अंथरायची, तिच्यावर चिकट रसायन फासायचं, वाळलं की उपसून काढायचं, की झाली वस्तू तयार. सावळीरामचं गाव गंगापूर धरणाच्या काठचं. पाण्याचं वेड त्याला लहानपणापासूनच. शेडच्या मालकाला विचारून त्याने सुटीच्या दिवसांत एका छोट्या होडीचा साचा केला. एका माणसाला चालवता येईल अशी होडी, एक शीड, एक सुकाणू, बस्स.

साचा पुरा झाला त्याच दिवशी वरच्या फळीवरून हातोडा घसरला आणि थेट साच्यात पडला. होडीचं नाक जिथे येणार तिथेच, डाव्या बाजूला, बारीकसा खड्डा पडला. म्हणजे या साच्यातून जी निघेल तिच्या नाकावर हरभऱ्याएवढा उंचवटा येणार हे ठरलंच.

"लांबी भरून खड्डा बुजवून टाक, सावळीदादा," शेखर म्हणाला. शेखर त्याच शेडमधला, सावळीरामपेक्षा वयाने लहान, त्याचा शिष्यच म्हणा.

"राहू दे रे," सावळीराम हसला. "सगळ्या बहिणींच्या नाकावर एकच चामखीळ. कुठं हरवल्या तर वळखू येतील."

त्या साच्यातून पहिली मी निघाले. मी सावळीरामकडेच राहिले. माझ्यामागून निघालेल्या बहिणींपैकी एक शेखरने घेतली, दोन-तीन धरणावरच्याच हौशी मंडळींनी घेतल्या, दोघी तापीकाठी सुकलालभाऊ आणि त्याच्या मेव्हण्याकडे गेल्या, एक कृष्णाकाठी गेली. सगळ्या होड्या वाटायच्या दिवशी सावळीराम एका रिकाम्या ड्रमवर चढला आणि त्याने भाषण ठोकलं. ते भाषण मला आजही तोंडपाठ आहे, कारण पुढची सगळी वर्षं तो स्वतःच ते विसरला.

"होडी सगळ्यांची सारखी हाय," तो म्हणाला. "शीड सारखं, वजन सारखं. जिंकला तर होडीचं कौतुक सांगायचं नाय, आन हरला तर होडीवर खापर फोडायचं नाय. जे काय हाय ते आपल्या हाताचं आन डोक्याचं. दर वर्षी एकाच्या पाण्यावर सगळ्यांनी जमायचं. धरणाचं पाणी उभं असतं, नदीचं चालतं. चालत्या पाण्यात उतरल्याबिगर माणूस कच्चाच ऱ्हातो. आन एक. शर्यतीआधी वजन करायचं. कुणाची जड भरली, तर बाकीच्यांनी वाळूच्या पिशव्या भरून तिच्याइतकं ओझं घ्यायचं. कुणाला फायदा नाय, कुणाला तोटा नाय."

सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. मीही भारावून गेले होते. वाटलं, काय नशीब काढलंय आपण!

सुरुवातीचं वर्ष झकास गेलं. आम्ही कृष्णेवर गेलो, सावळीराम दुसरा आला. येताना तो टेम्पोत माझ्या शेजारी बसून गात होता. पुढच्या वर्षी तापीची पाळी होती. त्या वर्षी नदीला धार होती. धरणावरच्या सवयीने सावळीराम वारा शोधत मध्येच गेला आणि धारेने आम्हाला मागे मागे लोटलं. मी वाळूच्या दांड्यावर घासले, पोटावर लांबलचक ओरखडे उठले, आणि आम्ही सगळ्यांत शेवटी आलो. हरलो तर हरलो, त्यात काय एवढं? पण हा गडी परत येताना टेम्पोत माझ्याकडे पाठ करून बसला. घरी त्याची बायको लताबाई दारातच विचारायला लागली, काय झालं, कसं झालं. तेव्हा याने काय सांगावं? "होडीला लय लागलं गं. नदी नाजूक वस्तूला चांगली नाय."

मी नाजूक? अहो, मी तुमच्या हाताने घडलेली फायबरची होडी! हरलात तुम्ही, आणि नाजूक मी? त्या दिवसापासून माझ्या डोक्यात जी सणक गेली ती गेलीच.

आणि मग आला दसरा.

अंबडला दसऱ्याची रीत अशी की आदल्या दिवशी सगळी यंत्रं धुवायची, पुसायची आणि त्यांना नवा ऑइलपेंट मारायचा. हिरवा, यंत्रांचा असतो तो. मग झेंडूचे हार, नारळ, पेढे. यंत्रांची पूजा करावी, माझी काहीच हरकत नाही. पण सावळीरामने त्या वर्षी उरलेला डबा घरी आणला आणि माझे ओरखडे बुजवायला माझ्या अख्ख्या अंगावर हिरवा हात फिरवला. मला हार घातला, कुंकू लावलं, लताबाईने ओवाळलं. खरं सांगते, तेव्हा मला बरं वाटलं. पुढच्या दसऱ्याला पुन्हा एक हात. त्याच्या पुढच्या दसऱ्याला पुन्हा. जुना रंग काढायचं नाव नाही!

लताबाई एकदा म्हणालीही, "अहो, आधी खालचा काढा की."

"दसऱ्याचा रंग हाय तो. सणाचा रंग कुणी खरवडतं का?"

घ्या! यापुढे बोलणार काय? थरावर थर चढत गेले. माझ्या नाकावरची चामखीळ बुजली. ओरखडे बुजले. कडा गोल झाल्या. मी आतून तीच होते, पण वरून दसऱ्यामागून दसरा अंगावर वागवत होते. धरणावरच्या रविवारच्या शर्यतीत पूर्वी मी पहिली यायचे, मग तिसरी, मग शेवटून दुसरी. आणि सावळीराम काठावर उतरून काय म्हणायचा? "आज वारा पडला." दर रविवारी याच्यापुरताच वारा पडायचा! शेखरच्या शिडात भरायचा, बाकीच्यांच्या शिडात भरायचा, आणि आमच्यापाशी आला की पडायचा. मला तोंड असतं तर मी भर काठावर ओरडले असते, की अरे बाबा, वारा नाही पडला, तू मला जड केलंस!

शेवटी त्याने शर्यतीच सोडल्या. मला घरामागच्या शेडमध्ये गादीवर निजवलं. हो, गादीवर. वर ताडपत्री, तिच्यावर गोधडी. पाहुणे आले की ताडपत्री उचलायची, "ही बघा माझी होडी, एक ओरखडा नाय," आणि पाहुण्यांनी "वा वा" करायचं. मखरातल्या गौरीलासुद्धा तिसऱ्या दिवशी पाणी बघायला मिळतं हो. मला ते पण नाही.

बाहेर जायचं तर नावच नको. दर वर्षी शेखर बिचारा सगळ्यांना फोन करायचा. चला, यंदा कृष्णेवर. चला, यंदा तापीवर. एकाची द्राक्षाची छाटणी निघायची. दुसऱ्याच्या सासऱ्यांचं वर्षश्राद्ध असायचं, दर वर्षी, आणि दर वर्षी नव्या सासऱ्यांचं! आणि सावळीरामचं उत्तर ठरलेलं: "तिला हलवायचं नाय. खराब होईल." तिकडे तापीची मंडळी, कृष्णेची मंडळी वाट बघायची. आणि हे आमचे नाशिककर साच्याच्या गावचे, म्हणून नाकाने कांदे सोलत घरीच बसायचे.

आता आरोहीचं सांगते. सावळीरामची एकुलती एक पोर. ती सिन्नरच्या एका कंपनीत नोकरीला आहे, रोज पहाटे बस धरते, संध्याकाळी दमून येते. पण रविवार उजाडला की धरण. शीड ओढायला ती माझ्यावरच शिकली होती, तिचे हात तेव्हा एवढे एवढे होते. मला गादीवर निजवल्यावर ती शेखरची होडी मागून चालवायची. घरची होडी असताना दुसऱ्याच्या दारात उभं राहायचं, हे तिला किती लागत असेल? मला तर लागायचंच.

गेल्या वर्षी तापीची पाळी होती, आणि सुकलालभाऊचा निरोप आला. दिवाळीनंतर तिथे मोठा मेळा भरतो, सगळ्या तऱ्हेच्या होड्या येतात, मोठ्या शिडांच्या, नव्या, महागड्या. आमच्या साच्याच्या होड्यांची शर्यत त्यात वेगळी असते. पण या वेळी मेळावाल्यांनी स्पष्ट सांगितलं होतं: पाच होड्या आल्या तरच वेगळी शर्यत. नाहीतर ती कायमची बंद. मग आमच्या बहिणींनी त्या बड्या होड्यांच्या घोळक्यात मागे मागे फरफटत जायचं आणि कुणाचा हात चांगला, हे कुणाला कधी कळायचंच नाही. तापीच्या दोघी, कृष्णेची एक, शेखरची एक. झाल्या चार. पाचवी पाहिजे होती.

शेखरने सगळ्यांना फोन केले. छाटणी निघाली. सासरे निघाले.

त्या रविवारी आरोही शेडमध्ये आली. सावळीराम माझी ताडपत्री झटकत होता.

"बाबा, मी हिला तापीवर नेते."

"नाय."

"पाचवी होडी नसली तर शर्यतच बंद होणार आहे. कायमची. तुमच्या साच्याची शर्यत आहे ती!"

"तिला ओरखडा गेला म्हंजे?"

"जाऊ दे की गेला तर! होडी आहे ती, काचेचं भांडं नाही."

"तुला काय कळतंय? मी तिला दसऱ्या-दसऱ्याला पोटच्या पोरीसारखं..."

तेवढ्यात लताबाई दारात येऊन उभी राहिली. हातात पिठाचा गोळा, डोळ्यांत आग. "पोटची पोर ही उभी आहे तुमच्यासमोर," ती म्हणाली. "ती पहाटेच्या अंधारात एकटी सिन्नरची बस धरते, तेव्हा नाही तुम्हाला ओरखड्याची भीती वाटत? तिला म्हणता, जा, शीक, धक्के खा. आणि या फायबरला गोधडी पांघरता? मी आज सांगून ठेवते. होडी गेली नाही तर पुढच्या दसऱ्याला मी ओवाळायची नाही. तुम्हालाही नाही आणि तिलाही नाही."

वा लताबाई, वा! मला हात असते तर मी टाळ्या वाजवल्या असत्या.

सावळीरामने माझ्या कडेवरून हात फिरवला. मग म्हणाला, "न्यायची तर न्या. पण मी संगं येणार. आन पाण्यात उतरवायची का नाय, ते मी तिथं ठरवणार."

निघालो एकदाचे! टेम्पोत खाली शेखरची होडी, वर मी, माझ्याखाली गादी. सावळीराम मागे माझ्याजवळ बसला होता, दोराला हात लावून. चांदवडचा घाट आला तेव्हा तो ओरडत होता, "हळू रे, हळू!" मालेगाव गेलं, धुळं गेलं, प्रत्येक गतिरोधकाला तो ड्रायव्हरच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होता. मला मात्र किती वर्षांनी अंगाला वारा लागला होता. राग होताच, पण राग असूनही मी त्या वाऱ्यात न्हाऊन घेतलं.

दुपारच्या आत शिरपूरच्या अलीकडे तापीचं पात्र दिसलं. वरून पाणी सोडलं होतं, नदी भरून वाहत होती. काठावर माझ्या बहिणी ओळीने उभ्या होत्या. काय अवतार होता एकेकीचा! ओरखडे, ठिगळं, उन्हाने उडालेला रंग, एकीची कड तर तुटून पुन्हा जोडलेली. आणि तरी कशा हलक्या, चटपटीत दिसत होत्या! प्रत्येकीच्या नाकावर चामखीळ. आणि त्यांच्या शेजारी मी उतरले. हिरवीगार, चकचकीत, गोल गोल. लोक कौतुकाने बघायला लागले आणि सावळीरामची छाती फुगली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सुकलालभाऊच्या खळ्यात कापूस तोलायचा मोठा काटा होता. त्यावर एकेक होडी चढवली. सगळ्या बहिणी जवळजवळ सारख्याच भरल्या. मग मला उचललं. उचलतानाच चार माणसांच्या तोंडून "आई गं" निघालं. काटा पुढे गेला, आणखी पुढे गेला, आणि कुठल्या कुठे जाऊन थांबला.

सुकलालभाऊने वाकून माझ्या पोटात बघितलं. "हाई काय शे भाऊ?" तो म्हणाला. "होडीमा मानूस दपेल शे का?"

होडीत माणूस लपलाय का, असं त्याने विचारल्यावर सगळे हसले. सावळीराम हसला नाही. "काटा बिघडलाय तुमचा," तो म्हणाला. बघा, वारा झाला, आता काटा!

पुन्हा तोललं. तेवढंच. आता नियम काढला गेला, याने स्वतः ड्रमवर चढून सांगितलेला. सगळ्यांत जड जी, तिच्याइतकं ओझं बाकीच्यांनी घ्यायचं. कृष्णेकडचा माणूस वाळूच्या पिशव्या भरायला लागला. सुकलालच्या मेव्हण्यानेही फावडं घेतलं. सुकलालने मात्र मान हलवली.

"इतली वाळू भरी ते होडी बुडी जाई ना भाऊ. नदी चालू शे."

खरंच होतं ते. एवढं ओझं घेऊन धारेत उतरायचं म्हणजे जिवाशी खेळ. आणि वजन सारखं नसेल तर शर्यत नाही. पाचवी होडी आली होती आणि पाचव्या होडीमुळेच घोडं अडलं होतं. कुणी सावळीरामला टाकून बोललं नाही, हेच जास्त लागलं असणार.

आरोही टेम्पोकडे गेली आणि रंग खरवडायची लोखंडी पट्टी घेऊन आली. माझ्या नाकाजवळ गुडघे टेकून बसली.

"हात लावू नको!" सावळीराम धावला. "दसऱ्याचे रंग हायेत ते! सणाला लावलेले!"

"बाबा," आरोही उठून उभी राहिली. "दर रविवारी वारा पडला म्हणायचात ना? नव्हता पडला. एकदाही नव्हता पडला. तुम्ही हिला जड करत होतात, आणि जड झाली म्हणून ती हरत होती, आणि हरली की तुम्ही आणखी जपत होतात. हरायची लाज वाटते म्हणून तुम्ही हिला गादीवर निजवलंत. हिच्यासाठी नाही. स्वतःसाठी."

सावळीरामने काट्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, मग त्या ठिगळं लावलेल्या बहिणींकडे बघितलं. किती तरी रविवार त्याच्या डोळ्यांपुढून गेले असतील. तो माझ्या नाकापाशी येऊन बसला.

मी म्हटलं, आता हा रडेल, आणि सगळे त्याची समजूत घालत बसतील, आणि दिवस मावळेल. पण नाही. त्याने हात पुढे केला.

"आण ती पट्टी इकडं. तुला जमायचं नाय. माझेच हात हायेत ते, कुठं धरून हायेत ते मलाच म्हाईत."

आणि तो खरवडायला लागला. पहिला घाव नाकावरच. मित्रांनो, दुखलं. खोटं कशाला बोलू? कातडं सोलल्यासारखं दुखलं. वरचा थर नुकत्याच झालेल्या दसऱ्याचा, त्याखाली आदल्या वर्षीचा, त्याखाली आरोहीला नोकरी लागली त्या वर्षीचा. तो एकेक थर सोलत होता आणि पुटपुटत होता, "हा तिच्या बारावीचा... हा आई गेली त्या सालचा..." हिरव्या रंगाच्या पापुद्र्यांचा ढीग साठत होता. त्या ढिगात माझं सगळं कौतुक पडलेलं मला दिसत होतं, आणि माझा राग पहिल्यांदाच थोडा निवला. या माणसाचं प्रेम खोटं नव्हतं. फक्त ते चुकीच्या जागी साठत गेलं होतं.

शेखर आला, दुसरी पट्टी घेऊन माझ्या शेपटीकडे बसला. सुकलालभाऊ आला. वाळू भरणारा कृष्णेकडचा माणूस फावडं टाकून पॉलिश पेपर घेऊन आला. उद्या जे मला हरवणार होते, ते सगळे आज मला हलकं करायला बसले होते. एका साच्याची शर्यत म्हणजे काय, हे मला त्या दुपारी कळलं. भाषणं ऐकून कळलं नव्हतं.

ऊन उतरायच्या आत माझ्या पोटावरचा शेवटचा थर निघाला आणि खालून लांब ओरखडे वर आले. याच नदीचे, तेव्हाचे. सावळीरामने त्यावर बोट फिरवलं. मग आरोही ओरडली, "बाबा, नाक बघा!"

नाकावर चामखीळ होती. सावळीरामने तिच्यावर अंगठा ठेवला, मग उठून शेजारच्या होडीच्या नाकावर ठेवला, मग तिच्या पुढच्या. "हायेत," तो म्हणाला. "सगळ्या हायेत."

पुन्हा काट्यावर चढवलं. अगदी तंतोतंत नाही, पण उरलेला फरक बाकीच्यांनी एकेका छोट्या पिशवीत सहज घेतला. झाल्या पाच.

दुसऱ्या दिवशी सकाळी शर्यत लागली. जाताना धारेविरुद्ध वरच्या खांबापर्यंत, येताना धारेबरोबर, अशा दोन फेऱ्या. माझं शीड भरलं आणि मी जी उचलले गेले, ते काय सांगू! मी विसरूनच गेले होते की मी अशी असते. पण आरोही धरणावर वाढलेली पोर. तिने केलं तेच, जे तिच्या बापाने केलं होतं. वारा शोधत मध्ये घुसली. धारेने आम्हाला धरलं आणि मागे ढकललं. सुकलालभाऊ काठाला चिकटून, जिथे धार मंद असते तिथून, शांतपणे पुढे सरकत गेला. पहिल्या फेरीला आम्ही शेवटी. दुसऱ्या फेरीला तिने डोकं लावलं, काठ धरला, वाळूच्या दांड्यावर मला एकदा घासवलंही, आणि शेखरला गाठून मागे टाकलं. चौथ्या आलो. पाचांत चौथ्या.

सावळीराम गुडघाभर पाण्यात उभा होता. माझ्या पोटावर नवा ओरखडा होता, ताजा. त्याने तो बघितला. त्याचं तोंड उघडलं. "वा..." त्याने सुरुवात केली. मी म्हटलं, आला वारा! पण तो थांबला.

"चुकलीस," तो आरोहीला म्हणाला. "आधीच काठ धरायचा होतास. मी बी तेव्हा तेच चुकलो व्हतो."

आरोही भिजलेल्या हातांनी त्याच्या गळ्यात पडली. मी पाण्यात डुलत होते, आणि खरं सांगते, जिंकले असते तरी मला इतकं बरं वाटलं नसतं.

परत आल्यावर सावळीरामने पहिलं काम केलं ते फोनचं. छाटणीवाल्याला चांगलं झापलं. सासऱ्यावाल्याला विचारलं, "किती येळा मेले रे तुझे सासरे? आता त्यांना जिवंत ठेव आन कृष्णेला चल." कृष्णेला यंदा आमच्या साच्याच्या सात होड्या जाणार आहेत. आरोही तर आतापासूनच रविवारी काठाकाठानेच चालवते. धरणात धार नाही, तरी.

मग परवा दसरा आला. सावळीराम अंबडच्या शेडमधून हिरव्या रंगाचा डबा घेऊन आला आणि माझ्या अंगावर काटा आला. ब्रश बुडवला. मी म्हटलं, संपलं! झालं पुन्हा सुरू! लताबाई ओवाळणीचं ताट घेऊन दारातच थांबली, तिचेही डोळे वटारलेले. पण सावळीराम माझ्याजवळून पुढे गेला. कोपऱ्यात पोतं पांघरलेलं काहीतरी होतं, ते पोतं त्याने काढलं. दोन चाकांचा गाडा होता, मला गावोगाव ओढून न्यायला त्याने स्वतः जोडलेला. तो बसला आणि त्या गाड्याला त्याने मनसोक्त रंग मारला. चाकांनासुद्धा. मला फक्त झेंडूचा हार घातला. लताबाईने आधी मला ओवाळलं, मग गाड्याला, मग त्याला.

तेव्हा मित्रांनो, आणि खास करून तुम्ही, ज्यांच्या दारात, शेडमध्ये, ताडपत्रीखाली माझ्या बहिणी निजल्या आहेत. आम्हाला जपू नका. आम्हाला न्या. दुसऱ्याच्या पाण्यावर न्या, चालत्या पाण्यात उतरवा, घासू द्या, हरू द्या. ओरखड्याने आम्ही मरत नाही, गोधडीखाली मरतो. आणि हात शिवशिवतच असतील, दसऱ्याला काहीतरी रंगवल्याशिवाय चैनच पडत नसेल, तर गाड्याची चाकं रंगवा. पुढच्या दसऱ्यापर्यंत तो रंग रस्त्यावर उडालेला दिसला, तर समजा तुम्ही आमची नीट काळजी घेतलीत.